पहिल्या घाण्याचे दाणे

३ फेब्रुवारी

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक छत्री, आईने बळेच कोंबलेली उशी आणि मी, सगळे धडधाकट पोचलो. राहायची खोली कारखान्याच्याच वरच्या मजल्यावर आहे. खिडकी मोठी, पलंग करकरणारा, आणि न्हाणीघरात चक्क माणूसभर लांबीचा टब. आठ वर्षं संडासाची भांडी बनवणाऱ्या कारखान्यात भट्टीखात्यात काढली, टबही शेकड्याने भाजले, पण स्वतःच्या वाट्याला असला टब आज पहिल्यांदा आला.

इथे त्याच मातीकामाची बुद्धी वापरून हाडं बनवायची आहेत. माशांच्या काट्यांपासून पांढरी भुकटी, भुकटीपासून ठोकळे, आणि ते ठोकळे माणसाच्या तुटल्या हाडाच्या जागी बसवायचे. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आधी संडास, आता काटे, चारचौघांत सांगण्यासारखं काम तुला कधी मिळायचं?

माणसं जेमतेम सहा. मालकीण मुळात दातांच्या डॉक्टर, सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. बोलणं इतकं मऊ की कापसाने दाढ उपटतील. भट्टी सांभाळणारे भट्टीकाका साठीच्या पुढचे. दळणयंत्राच्या घरघरीने त्यांचे कान गेलेत, त्यामुळे बोलणं मोजून-मापून. बाकी काटे धुणाऱ्या दोघी, एक पॅकिंगवाला आणि फाटकावरचा वॉचमन. चहा चांगला मिळतो. अजून काय हवं?

५ फेब्रुवारी

दोन दिवस नुसती बघत फिरले. मासे डबाबंद करणाऱ्या कंपनीतून काट्यांची पोती येतात. ते उकळायचे, मांस खरवडून काढायचं, वाळवायचे. मग पहिली भट्टी. त्यात काटे आधी काळे होतात, मग राखाडी, शेवटी पांढरेशुभ्र. ते दळून, पाण्यात कालवून, त्यात साधा स्पंज बुडवायचा, वाळवायचा आणि दुसऱ्या, जास्त कडक भट्टीत घालायचा. स्पंज जळून जातो आणि त्याची जाळी तेवढी उरते, अगदी हाडाच्या आतल्या जाळीसारखी. माशाचं हाड आणि माणसाचं हाड मुळात एकाच जिनसाचं. त्यामुळे शरीर त्याला परकं म्हणत नाही, आपलं हाड त्या जाळीत वाढवत नेतं.

काकांनी मला भट्टीतला एक तुकडा दिला आणि जिभेला लावायला सांगितलं. तो जिभेला असा चिकटला की ओढून काढावा लागला. म्हणाले, चिकटला पाहिजे, पण चव लागता कामा नये. हाड पहिल्या भट्टीत सगळं विसरलं पाहिजे. एकदा दुसऱ्या भट्टीत घट्ट झालं की आत राहिलेलं मग आतच राहतं.

एवढं लांबलचक भाषण त्यांनी वर्षभरात केलं नसेल, असं पॅकिंगवाला म्हणाला.

८ फेब्रुवारी

इथली एक रीत आज कळली. जो कोणी स्वतःच्या हाताने पहिला घाणा भाजतो, त्याने त्या घाण्यातले चिमूटभर दाणे स्वतःच्या अंगात बसवून घ्यायचे. जागा ठरलेली, पडलेल्या दाढेचा खळगा. बाईच बसवतात. दुसऱ्याच्या शरीरात जे घालणार ते आधी आपल्या, असा त्यांचा नियम आहे. मग चाळीस दिवस आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही आणि रोज एका वहीत काय होतंय ते लिहायचं. चहाच्या वेळी सगळ्यांनी आ वासून मला आपापल्या दाढा दाखवल्या. मी म्हटलं, माझी खालची दाढ गेल्याच वर्षी पडली आहे, म्हणजे नोकरीच्या अटी मी जन्मतःच पूर्ण करते. बाई खूप हसल्या.

काकांचं एक मात्र खटकलं. कागदावर पहिल्या भट्टीचा आकडा नऊशे अंश आहे आणि ते बटण फिरवून मीटर हजार पन्नासवर नेतात. इथेच जास्त भाजलं की भुकटीचा दाणा जाड होतो आणि पुढे जाळीची भोकं बुजतात, मग हाड आत शिरणार कुठून? पण पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्या माणसाला कोण शिकवणार?

१२ फेब्रुवारी

टिल्लूचा फोन. टिल्लू म्हणजे माझा धाकटा भाऊ. सहा फूट उंच आहे, पण नाव पाळण्यातलं चिकटलं ते चिकटलं. चौदा महिन्यांपूर्वी मोटारसायकलवरून पडला आणि डाव्या नडगीचं चार बोटं हाड चुरा होऊन गेलं. तेव्हापासून पायाला बाहेरून लोखंडी सळ्या. दोनदा त्याच्याच कमरेचं हाड काढून बसवलं, दोन्ही वेळा जिरून गेलं. आता सर्जन म्हणालेत की मार्चमध्ये शेवटचा प्रयत्न, नाहीतर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल.

ही नोकरी मी का धरली ते इथे कोणाला सांगितलं नव्हतं. आज बाईंना सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, मग त्याचा ठोकळा तूच बनव. मी चक्क रडले. उद्या सगळे चिडवतील, चिडवोत.

१५ फेब्रुवारी

काका लेकीच्या बाळंतपणासाठी दोन आठवड्यांच्या रजेवर गेले. जाताना मला भट्टीपाशी उभं करून एवढंच म्हणाले की माझ्यासारखीच लाव. मी मान डोलावली.

१८ फेब्रुवारी

माझी पहिली भट्टी! आणि मी ती काकांसारखी लावली नाही. कागदाप्रमाणे, नऊशेवर, नऊ तास. टिल्लूचा ठोकळा आहे, त्यात कोणाच्या सवयीचे चोचले नकोत. आमच्या जुन्या कारखान्यात मीटर म्हणेल ती पूर्व दिशा असायची आणि आठ वर्षांत माझं एक भांडं तडकलं नाही.

काटे सुंदर निघाले. पांढरे, फक्त कडेला दुधात थेंबभर चहा पडावा तशी छटा. बहुतेक खिडकीतल्या उन्हाची असावी.

२४ फेब्रुवारी

ठोकळा तयार झाला. चार बोटं लांब, हलका, कानाशी धरला तर आतून वारा फिरल्यासारखा आवाज येतो. टिल्लूच्या नडगीच्या मापाने मी तो स्वतः कानशीने घासला. पॅकिंगवाल्याने सीलबंद केला आणि संध्याकाळच्या गाडीने इस्पितळात रवानाही झाला. अकरा मार्चला ऑपरेशन.

दुपारी बाईंनी माझ्या खळग्यात त्याच घाण्याचे दाणे भरले आणि दोन टाके घातले. दुखलं नाही. म्हणजे टिल्लूच्या पायात आणि माझ्या जबड्यात एकाच पोत्यातला माल! त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, ताई, आता तू बोलशील तेव्हा माझा पाय दुखेल.

२८ फेब्रुवारी

काका आले. नातीचे पेढे वाटण्याआधीच भट्टीपाशी गेले, माझ्या घाण्यातला उरलेला तुकडा उचलला आणि जिभेला लावला. लावला तो तसाच धरून उभे राहिले. मग माझ्याकडे वळून सांगितलं की हे मीटर सहा वर्षांपासून बिघडलंय, दीडशे जास्त दाखवतं, म्हणून ते हजार पन्नासला लावतात. मीही तसंच लावलं ना, असं त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

ते तोंडातून कसं निघालं मला माहीत नाही. माहीत नाही कसं, चांगलं माहीत आहे. सातशे पन्नासला भाजलेला माल म्हटल्यावर बाई सगळा घाणा फोडायला लावणार. मीटर दुरुस्त होऊन नवा तयार होईतो अकरा मार्च हुकणार, आणि सर्जनची पुढची तारीख सात आठवड्यांनी. टिल्लूकडे सात आठवडे नाहीत. आणि शेवटी काय, थोडी कमी भाजली एवढंच ना? दुसरी भट्टी तर कडक झालीच होती. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं?

काका म्हणाले, चव लागली.

मीही नंतर एक तुकडा जिभेला लावून बघितला. खारट होता.

३ मार्च

टाके काढले. बाईंनी एक्स-रे काढला आणि खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या. आठवड्याभरात खळगा पूर्ण भरला आहे. एरवी चार महिने लागतात. त्यांनी सगळ्यांना बोलावून फोटो दाखवला, टाळ्या झाल्या. म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं! चुकीनेच बरोबर झालं, असंही होतं कधीकधी.

जबडा जरा आखडलाय. सफरचंद चावता येत नाही. वहीत लिहिलं, ‘त्रास नाही.’

६ मार्च

तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. आणि सकाळपासून मान वळत नाहीये. उशी उंच होती म्हणावं तर उशी आईचीच आहे, वर्षानुवर्षांची. मागून कोणी हाक मारली की अख्खी मीच वळते. धुणाऱ्या दोघी हसल्या, म्हणाल्या नवरीसारखी काय चालतेस.

टबात पाणी भरून बसलं की बरं वाटतं. आज तीनदा बसले. बाहेर आलं की कातडी ओढल्यासारखी होते.

त्या वहीत पुन्हा ‘त्रास नाही’ लिहिलं. खरं लिहिलं तर विचारणा होणार, विचारणा झाली तर आकडा निघणार. ऑपरेशनला पाच दिवस आहेत. फक्त पाच दिवस कळ काढायची. तिकडे ते इस्पितळ आहे, सर्जन आहे, काही झालं तर बघून घेतील.

८ मार्च

काल संध्याकाळी आरशासमोर मानेवरून हात फिरवला. मणके हाताला वेगळे लागत नाहीत. डोक्यापासून पाठीपर्यंत सलग एकच दांडा आहे, आणि त्याला दोन्ही बाजूंना बारीक, टोकदार— कातडीखाली ओळीने. मोजले. डावीकडे अकरा, उजवीकडे अकरा.

मला माहीत आहे हे काय आहे. महिनाभर हेच तर उकळून, खरवडून वाळवते आहे.

माशाला मान नसते.

ते हाड काही विसरलेलं नाही.

आज सकाळी उठल्या उठल्या टिल्लूला लिहून पाठवलं, ऑपरेशन थांबव, ठोकळ्यात दोष आहे. पाच मिनिटांनी त्याचं उत्तर, कसला दोष, हे बघ. सोबत फोटो. पलंगावर बसलाय, सळ्या काढलेला पाय, पांढरी पट्टी, आणि तोंडभर हसू. सर्जनना मधे सवड मिळाली म्हणून परवाच उरकलं. मला चकित करायचं म्हणून सांगितलं नाही. आणि खाली लिहिलंय, ताई, तुझे हात सोन्याने मढवायला हवेत.

ठोकळा काढून टाक असं मी त्याला लिहायला घेतलं. मग त्याचा दुसरा फोटो आला, आईचा हात धरून उभा आहे. चौदा महिन्यांनी उभा आहे.

पुसलं. उद्या लिहीन. आजचा दिवस त्याला उभं राहू दे.

९ मार्च

लिहिलं नाही. भ्याड आहे मी. मला त्याच्या पायापेक्षा माझं नाव प्यारं होतं का? नाही, पायच. पण खरं सांगायचं तर नावही.

१० मार्च

तोंड पूर्ण बंद. दातांच्या फटीतून पाणी आणि पेज. दातखीळ बसणं हा शब्द आयुष्यभर वापरला, आज कळला.

बाईंना चिठ्ठी लिहून सगळं कबूल केलं. मीटर, सातशे पन्नास, काकांना मारलेली थाप, टिल्लू. ठोकळा बाहेर काढायला सांगा म्हणून हात जोडले. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. माझ्या मानेवर बोटं फिरवली, अगदी हळुवार, जाणकार माणसाने कापड पारखावं तशी. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, वेड्ये, तुला कळतंय का तू काय शोधून काढलंस? चार महिन्यांचं काम आठवड्यात. थोडं जास्त वाढतंय, ते आवरता येईल. भावाचा पाय उत्तम आहे, आता त्याला घाबरवायचं नाही.

माझा फोन घेऊन गेल्या. मला विश्रांती हवी म्हणून बाहेरून कडी लावली.

११ मार्च

खालून भांडणाचा आवाज. काकांचा. ते कधी ओरडत नाहीत. मग घणाचे घाव, ठोकळे फुटल्याचे. मग शांत.

दुपारी ते फाटकातून पिशवी घेऊन बाहेर जाताना दिसले. वळून वर बघितलं. मी काचेवर हात आपटला. त्यांना ऐकू येत नाही. पण माझा हात दिसला असावा, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

आणि गेले. परत येणार नाहीत.

१३ मार्च

पाची बोटं सारखी नसतात म्हणतात. माझी होत चालली आहेत. उजव्या हाताची चार बोटं एकमेकांना चिकटली, मधे पातळ कातडी, आतून काटे पंख्यासारखे पसरलेले. अंगठा अजून सुटा आहे. पेन्सिल अंगठ्यात आणि त्या— त्याच्यात धरून लिहिते.

ही डायरी गादीखाली ठेवते.

भट्टी रोज पेटते. वॉचमनने पेज आणली तेव्हा दारात बोलला, की बाईंनी सगळ्या घाण्यांना त्याच बिघडलेल्या मीटरवर नऊशेच लावायला सांगितलंय. सहा इस्पितळांची मागणी आहे.

१६ मार्च

दार ओढून बघितलं. खांदे उचलत नाहीत. कोपर बरगड्यांना धरून. खिडकी उघडेल, पण वाकता येत नाही, चढता येत नाही. चावी नसलेली खोली म्हणजे हे शरीर. या खोलीतून सुटले तरी त्यातून कशी सुटणार?

टबात काठावरून कशीबशी लोळत उतरते, तिथे बरं वाटतं. भीती वाटते ती त्याचीच. पाण्यात असले की टिल्लू आठवत नाही.

१९ मार्च

आज पाण्यात किती वेळ होते? ऊन भिंतीवरून पलंगावर आलं होतं.

आईचा चेहरा आठवायला वेळ लागला. नाव— नाव आठवलं. आठवलं.

टिल्लू. डावी नडगी. चार बोटं. रोज लिहून ठेवायचं.

२२ मार्च

टिल्लू. डावी नडगी.

बाईंनी सांगितलं परवा तो येणार आहे. पाहुणे येणार आहेत इस्पितळांचे, त्यांना चालून दाखवायला. त्याला सांगितलंय, बहिणीच्या जबड्याचं छोटं ऑपरेशन झालं, बोलू शकत नाही. मला गळ्यापासून चादरीत गुंडाळून ठेवणार.

अंगठा पेरातून आखडतोय. दोन दिवस. देवा, फक्त दोन दिवस सुटा राहू दे.

२४ मार्च

आला. काठीशिवाय आला. जिना दोन-दोन पायऱ्या करत चढला, मी आवाज ऐकला. पलंगाशी बसून किती बोलत होता. चिडवत होता, की आयुष्यात पहिल्यांदा तुझं तोंड बंद आणि मला सलग बोलायला मिळतंय. मग खोलीभर चालून दाखवलं. बाई दारात उभ्या. मी रडले, त्याला वाटलं आनंदाने.

घोटा जरा वळत नाही म्हणाला. बोटं सुजून जवळ आलीत, सर्जन म्हणतात सूज उतरेल. दिवसभर पाय बादलीत बुडवून बसतो, आई ओरडते.

बाई त्याला खाली घेऊन गेल्या पाहुण्यांकडे. निरोप घ्यायला वर येणार. चादर सोडवली. डायरी काढली. त्याच्या हातात देणार, काही झालं तरी

टिल्लू हे वाच. इथे नाही. बाईंसमोर नाही. गाडीत बसून वाच

चूक माझी. मी खोटं बोलले. तुझा पाय वाचावा म्हणून

पाय काढून टाक टिल्लू. आजच. सर्जनना सांग गुडघ्याच्या वरून. माझं ऐक. सूज नाही ती. अजून पायातच आहे तोवर

आईला सांग, तुला पाण्याजवळ जाऊ

जिन्यावर तूच आहेस. किती छान चालतोस रे. थांब अंगठा

वरून काप, गुडघ्याच्या व